अळीच्या अंगातलं पंचांग

रेशीमकिड्याचं अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं असतं. मादी पतंग कागदावर एकाला एक लागून चार-पाचशे अंडी घालते, तेव्हा सगळी फिकट पिवळी दिसतात. दोन-तीन दिवस गेले की कागदाकागदांत फरक पडायला लागतो. काही कागदांवरची अंडी पिवळीच राहतात आणि दहाएक दिवसांत त्यांतून मुंगीएवढ्या काळ्या, केसाळ अळ्या बाहेर पडतात. काहींवरची आधी तांबूस होतात, मग राखाडी-जांभळट, आणि तिथेच थांबतात. महिना गेला, दोन महिने गेले, तरी आत काही घडत नाही. मेलेली नसतात ती. हिवाळा उलटेपर्यंत थांबायचं ठरलेलं असतं, आणि ते रंगावरून आपल्याला कळतं.

ठरवलं कोणी? इथे जरा चक्रावायला होतं. ते अंडं घालणाऱ्या मादीने ठरवलेलं असतं, आणि तेही ती स्वतः अंड्यात असताना. वर्षाला दोन पिढ्या काढणाऱ्या, म्हणजे 'बायव्होल्टाइन' जातींची अंडी २५ अंश सेल्सिअसला उजेडात उबवली, तर त्यांतून निघालेल्या माद्या मोठ्या होऊन थांबणारी अंडी घालतात. तीच अंडी १५ अंशांना अंधारात उबवली, तर त्या माद्यांची अंडी न थांबता फुटतात. वरवर उलटंच वाटतं. पण किड्याच्या बाजूने हिशेब लावून बघा. मी अंड्यात असताना हवा गार होती, म्हणजे वसंत होता. माझी पिल्लं उन्हाळ्यात येतील, त्यांना खुशाल वाढू दे. मी अंड्यात असताना ऊब होती, म्हणजे उन्हाळा होता. माझ्या पिल्लांच्या वाट्याला हिवाळा आहे, त्यांनी थांबलेलं बरं. हा निरोप पोचवण्याचं काम एक छोटं संप्रेरक करतं, अवघ्या २४ अमिनो आम्लांचं. मादी कोषात असताना ते तिच्या अन्ननलिकेखालच्या मज्जागाठीतून सुटतं आणि अंडाशयात तयार होत असलेल्या अंड्यांपर्यंत जातं.

जालन्याच्या कोषबाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला वसंताची वाट बघणं परवडत नाही. त्याला तुतीच्या पाल्याच्या हिशेबाने वर्षाला चार-पाच पिकं घ्यायची असतात, आणि चांगला धागा तर बायव्होल्टाइनचाच. म्हणून अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रात एक युक्ती करतात. अंडी घातल्यावर साधारण २० तासांनी ती ४६ अंशांपर्यंत तापवलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात पाचेक मिनिटं बुडवतात आणि स्वच्छ धुतात. थांबायचा हुकूम रद्द होतो, अंडी दहा-बारा दिवसांत फुटतात. अंड्याच्या पंचांगातलं हिवाळ्याचं पानच फाडून टाकायचा हा प्रकार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्लाने अंडी मरत कशी नाहीत हाच प्रश्न पडला होता. वेळ किंवा तापमान चुकलं तर मरतातही.

या थांबण्याला शास्त्रज्ञ 'डायपॉज' म्हणतात आणि आपल्या कृषी पुस्तिका 'सुप्तावस्था'. शब्द चांगला आहे, पण त्याने झोप डोळ्यांसमोर येते आणि तिथे गफलत होते. थंडीने गारठून भिंतीला चिकटलेली माशी ऊन लागलं की उडते. ती सुप्तावस्था नव्हे, नुसता गारठा. सुप्तावस्थेतल्या किड्याला उबेत ठेवलं तरी तो उठत नाही. ठरलेला काळ, बहुतेकदा ठरलेले थंडीचे दिवस, भरावेच लागतात. शिवाय ही अवस्था थंडी पडल्यावर सुरू होत नाही. अंगात चरबी साठवणं, वाढीची संप्रेरकं बंद करणं, प्रजननाला कुलूप लावणं, ही सगळी तयारी हवा छान असतानाच सुरू होते. पावसाळ्याआधी घर शाकारतात तसं. कोणी अंड्यात थांबतं, कोणी अळी असताना, कोणी कोषात, तर कोणी पूर्ण वाढलेला कीटक झाल्यावर. ती अवस्था त्या-त्या जातीची ठरलेली असते.

आता, हवा छान असताना थंडी येणार हे कळतं कसं? तापमानावर भरवसा ठेवणाऱ्याची फसगत ठरलेली. थंड देशांत ऑक्टोबरात एखादा आठवडा उन्हाळ्यासारखा जातो, एखाद्या ऑगस्टात अचानक गारवा येतो. दिवसाची लांबी मात्र कधी थाप मारत नाही. एखाद्या गावी अमुक तारखेला दिवस जेवढा मोठा, तेवढाच तो शंभर वर्षांपूर्वी होता. म्हणून समशीतोष्ण प्रदेशातले बहुतेक कीटक दिवस मोजतात, आणि खरं तर रात्र. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तर पुष्कळ जातींचे कीटक तिला उन्हाळ्यातली छोटी रात्र समजतात आणि थांबत नाहीत. रस्त्यावरच्या दिव्यांखाली डासांचं काय होत असेल, हा विचार इथेच मनात येतो.

मोजणं एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न आकड्याचा. नेमका किती तासांचा दिवस झाला की थांबायचं? हा आकडा प्रयोगशाळेत काढता येतो. एकाच आईबापांच्या अळ्या वेगवेगळ्या खोक्यांत ठेवायच्या. कुठे १३ तास उजेड, कुठे १४, कुठे १५, तापमान सगळीकडे सारखं. ज्या लांबीला निम्म्या अळ्या थांबतात आणि निम्म्या वाढत राहतात, तो त्या वाणाचा उंबरठा. रशियन कीटकशास्त्रज्ञ दानिलेव्हस्की यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला एकाच जातीच्या पतंगांचे असे उंबरठे वेगवेगळ्या गावांचे काढले. काळ्या समुद्राकाठच्या सुखुमीचा पतंग साडेचौदा तासांच्या दिवसाला थांबायचा. बेलारूसमधल्या व्हितेब्स्कचा पतंग अठरा तासांचा दिवस दिसला तरी थांबायचा, आणि लेनिनग्राडचा (आजचं सेंट पीटर्सबर्ग) त्याहूनही आधी. उत्तरेला पाच अंश गेलं की उंबरठा साधारण दीड तासाने वाढतो, असं गणित निघालं. कारण सरळ आहे: उत्तरेला उन्हाळ्याचे दिवस फार लांब असतात आणि हिवाळा लवकर येतो, त्यामुळे तिथल्या पतंगाला दिवस बराच मोठा असतानाच आवराआवर करावी लागते.

मग दक्षिणेच्या पतंगाचं उत्तरेच्या पतंगाशी लग्न लावलं. पिल्लांचा उंबरठा दोघांच्या मधोमध आला. या साध्या प्रयोगातून दोन गोष्टी पदरात पडल्या. एक, उंबरठा रक्तातून येतो, नुसता हवेचा परिणाम नव्हे. दोन, तो बहुधा एका जनुकाचा खेळ नसावा. एकाच जनुकाचं काम असतं तर नातवंडांत ठळक वेगवेगळे गट पडण्याची अपेक्षा असते. इथे मात्र उंचीसारखा, रंगासारखा हळूहळू सरकणारा आकडा होता.

आणि सरकणारी गोष्ट निवडीच्या हातात लवकर सापडते. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण एका अगदी निरुपद्रवी डासाचं आहे.

उत्तर अमेरिकेच्या दलदलींत जांभळट घटपर्णी उगवते, तिच्या पेल्यासारख्या पानांत पाणी साठतं. त्या पाण्यात बुडालेल्या किड्यांच्या कुजक्या अवशेषांवर 'वायोमिया स्मिथी' नावाच्या डासाच्या अळ्या जगतात. अख्खं बालपण त्या एका पेल्यात. उत्तरेकडच्या माद्या माणसाला चावतही नाहीत. रक्त न पिता अंडी घालतात. मेक्सिकोच्या आखातापासून कॅनडापर्यंत हा डास पसरलाय आणि थंडीत तो अळी म्हणून, गोठलेल्या पेल्यात थांबून राहतो. ओरेगन विद्यापीठातले विल्यम ब्रॅडशॉ आणि ख्रिस्टिना होल्झॅफेल हे नवरा-बायको याच एका डासामागे कित्येक दशकं लागले होते. पाणथळीत जायचं, पानं पिचकाऱ्यांनी उपसायची, अळ्या प्रयोगशाळेत आणून एकसारख्या परिस्थितीत वाढवायच्या आणि उंबरठा काढायचा.

इतकी वर्षं एकच काम केल्याचा फायदा असा की जुने आकडे हाताशी होते. २००१ साली त्यांनी ते शेजारी-शेजारी मांडले. ५० अंश उत्तर अक्षांशावरच्या डासांचा उंबरठा १९७२ मध्ये १५.७९ तास होता, १९९६ मध्ये १५.१९ तास. फरक ३६ मिनिटांचा. तिकडे उन्हाळा उतरताना दिवस रोज चारेक मिनिटांनी आखडतो, म्हणजे ३६ मिनिटं भरायला नऊ दिवस लागतात. चोवीस वर्षांत त्या डासाने थांबायची तारीख नऊ दिवसांनी पुढे ढकलली होती. हवा तापत चालली होती, थंडी उशिरा येत होती. लवकर थांबणारे डास उगाच उपाशी बसत होते, जरा उशिरा थांबणारे जास्त पिल्लं काढत होते. हा बदल सवयीचा नव्हता, कारण अळ्या एकाच खोलीत, एकाच तापमानात वाढवलेल्या होत्या. बदलला होता तो वारसा.

या दोघांच्या कामातली माझ्या मते याहूनही महत्त्वाची गोष्ट कमी सांगितली जाते. उत्तरेच्या डासांना प्रयोगशाळेत दक्षिणेचं ऊबदार हवामान दिलं, तर उष्णता त्यांना फारशी नडली नाही. दक्षिणेच्या दिवसाची लांबी दिली तेव्हा मात्र त्यांचा वंश कोसळला. चुकीच्या वेळी थांबणं आणि चुकीच्या वेळी जागं होणं त्यांना भोवलं. हवामानबदल म्हटलं की आपण 'किडे उष्णता सोसतील का' असं विचारतो. या डासाचा अडसर उष्णतेपेक्षा तारखेत होता.

इथपर्यंत उंबरठा म्हणजे एक आकडा. तो लिहिलाय कुठे, कुठल्या जनुकांत, हे शोधणं फार अवघड गेलं, आणि त्यावरून भांडणंही झाली.

पहिला संशय साहजिकच शरीरातल्या रोजच्या घड्याळावर. १९३६ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन ब्युनिंग यांनी सुचवलं की चोवीस तासांचं आंतरिक घड्याळच ऋतूही मोजत असणार. पुढे १९५८ मध्ये भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ नंदा आणि अमेरिकेतले हॅमनर यांनी सोयाबीनवर एक झकास प्रयोग केला. उजेड ठरावीक तासच द्यायचा, नंतरचा अंधार मात्र लांबवत न्यायचा, दोन-दोन दिवसांचासुद्धा. झाड नुसता अंधार मोजत असतं तर एका मर्यादेनंतर अंधार वाढवून काही फरक पडायला नको होता. पण फुलण्याचं प्रमाण दर चोवीस तासांनी चढत आणि उतरत होतं. आत काहीतरी दिवसाच्या तालावर चालू होतं. तोच प्रयोग पुढे कित्येक कीटकांवर झाला आणि पुष्कळांत तसाच ताल दिसला.

घड्याळाचे भाग कोणते हे तोवर माहीत नव्हतं. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना फळमाशीत 'पीरियड' हे जनुक सापडलं, मग 'टाइमलेस' वगैरे आणखी मिळाले, आणि या घड्याळाच्या यंत्रणेला २०१७ चं नोबेल मिळालं. यंत्रणा ढोबळपणे अशी: ही जनुकं प्रथिनं बनवतात, प्रथिनं साठत जातात आणि पुरेशी झाली की स्वतःच्याच जनुकांचा नळ बंद करतात. मग ती विरघळून जातात, नळ पुन्हा सुरू होतो. एक फेरी सुमारे चोवीस तासांची. उजेड पडला की 'टाइमलेस'चं प्रथिन मोडतं, त्यामुळे घड्याळ रोज सूर्याशी जुळवलं जातं.

याच 'टाइमलेस'मध्ये युरोपातल्या फळमाश्यांत एक बारीक फरक सापडला, डीएनएच्या एकाच अक्षराचा. ते अक्षर नसलं तर प्रथिन फक्त आखूड बनतं. असलं तर पेशी दोन ठिकाणांपासून वाचायला सुरुवात करू शकते, म्हणून आखूड प्रथिनासोबत २३ अमिनो आम्लांनी लांब असं दुसरं प्रथिनही तयार होतं. लांब प्रथिन उजेडाला कमी दाद देतं. हे लांब वाण बाळगणाऱ्या माद्या गार हवेत अंडाशय बंद करून थांबायला जास्त तयार असतात. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा त्यातली आणखी एक गोष्ट कुतूहलाची ठरली: या वाणाचं मूळ थंड उत्तरेत नव्हतं, दक्षिण इटलीत होतं, आणि तिथून ते पसरत गेलेलं दिसत होतं.

एक अक्षर, आणि माशी कधी थांबते ते बदलतं. वाचायला छान वाटतं, पण एवढ्यावर समाधान मानू नये. ब्रॅडशॉ-होल्झॅफेल यांचा आग्रह उलटा होता: त्यांच्या डासांत रोजचं घड्याळ आणि ऋतूचा उंबरठा हे वेगवेगळे उत्क्रांत होतात, त्यामुळे घड्याळाचं एखादं जनुक हलवलं आणि सुप्तावस्था बदलली, एवढ्यावरून घड्याळच ऋतू मोजतं असं म्हणता येणार नाही. त्या जनुकाला दुसरी कामंही असू शकतात. मला ही हरकत वाजवी वाटते. घड्याळाचा काटा वाकवला तर गजरही बिघडेल, पण गजराची तार वेगळीच असू शकते.

या भांडणात पुढची भर घातली एका मक्याच्या किडीने. युरोपातून अमेरिकेत गेलेला मक्याचा खोडकिडा १९१७ मध्ये बॉस्टनजवळ पहिल्यांदा लक्षात आला. पूर्ण वाढलेली अळी मक्याच्या ताटात बोगदा करून हिवाळा काढते. न्यूयॉर्क राज्यात याचे दोन प्रकार अगदी शेजारी-शेजारी राहतात. एक वसंतात लवकर उठतो, वर्षाला दोन पिढ्या काढतो. दुसरा बराच उशिरा उठतो, एकच पिढी काढतो. दोघांच्या हवेत, मक्यात, दिवसाच्या लांबीत फरक नाही. मग फरक असणार तो वारशात.

संकर करून पाहिल्यावर वारसा लिंगाच्या गुणसूत्राकडे बोट दाखवू लागला. पतंगांत आपल्या उलट असतं: नराला दोन सारखी झेड गुणसूत्रं आणि मादीला एक झेड, एक डब्ल्यू. लेकीचं झेड हमखास बापाकडून येतं, म्हणून लेक कधी उठणार हे आईपेक्षा बापावर जास्त ठरतं. त्या झेडवर कारण शोधत गेल्यावर दोन जनुकं हाती लागली, २०१९ मध्ये. एक तेच जुनं 'पीरियड'. दुसरं मेंदूतल्या घड्याळाच्या पेशी एकमेकींशी ज्या रेणूने बोलतात, तो रेणू झेलणाऱ्या ग्राहकाचं. दोन्ही घड्याळाचीच माणसं! शिवाय ती सुटी-सुटी काम करत नाहीत. 'पीरियड'चं वाण कुठलं यावर दुसऱ्याचा परिणाम किती दिसेल हे ठरतं. दोन जनुकं, त्यांची वेगवेगळी वाणं, आणि त्यांच्या जोड्यांतून लवकर-उशिराचं गणित. निदान या किडीत तरी घड्याळ आणि पंचांग यांची शिवण एकाच ठिकाणी पडलेली दिसते. इतर किड्यांत तसंच असेल असं गृहीत धरू नये. रेशीमकिड्याच्या अंड्याला तापमान कळतं ते घड्याळाच्या या दोन जनुकांतून नव्हे, तर पेशीच्या आवरणातल्या एका उष्णतामापक दारातून.

थांबण्याची वेळ बदलली की कधी कधी जातच दुभंगायला लागते. अमेरिकेतली एक दुसरीच फळमाशी मूळची हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या फळांवर वाढायची. युरोपीय लोकांनी सफरचंद नेलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही माश्यांनी सफरचंदात अंडी घालायला सुरुवात केली. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा तीन-चार आठवडे आधी पिकतं. माशी जगते जेमतेम महिनाभर. म्हणजे सफरचंदावरच्या माशीला लवकर उठायला हवं, आणि तिच्या अळ्या जमिनीत लवकर गेल्याने तिथे उरलेला उन्हाळा त्यांनी न उठता काढायला हवा. हे दुसरं जास्त कठीण. नोत्र दाम विद्यापीठाचे जेफ्री फेडर यांनी हॉथॉर्नच्या कोषांना मुद्दाम हिवाळ्याआधी लांब ऊब दिली. जे जगले ते जनुकांच्या हिशेबाने सफरचंदवाल्यांसारखे निघाले. एका पिढीत! ही वाणं कळपात आधीपासून होतीच, गुणसूत्रांच्या उलट्या फिरलेल्या तुकड्यांत बांधून ठेवलेली, आणि त्यांचं मूळ मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या माश्यांपर्यंत जातं. नवा पाहुणा आला, जुनं सामान कामाला आलं. या माश्यांच्या अळ्यांत अंडी घालणारी एक गांधीलमाशीही मागोमाग तशीच दुभंगत चालली आहे, कारण तिलाही वेळेवर उठावंच लागतं.

आपल्याकडे हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. लेनिनग्राडला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस यांत तेरा तासांचं अंतर आहे. नागपूरला जेमतेम अडीच तासांचं. तरीही कापसावरची गुलाबी बोंडअळी हंगामाच्या शेवटी आखडते दिवस आणि गारवा ओळखते आणि दोन सरक्या एकत्र जोडून आत थांबून राहते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड (तेच पीक राखून उशिरा घेतलेला कापूस) घेऊ नका असा धोशा कृषी खातं लावतं त्यामागे हेही एक कारण आहे: उशिरापर्यंत उभं पीक म्हणजे थांबणाऱ्या अळ्यांना फुकटची धर्मशाळा.

पूर्व विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाचा किडा, वाढतो. आरमोरीच्या बाजूची ढिवर कुटुंबं पिढ्यान्पिढ्या तो घेतात. कोशाचा हा पतंग कोषातच थांबतो, उन्हाळा तिथेच काढतो आणि पावसाच्या सुमाराला बाहेर येतो. एकाच जातीची वेगवेगळ्या जंगलांतली वाणं वर्षाला एक, दोन किंवा तीन पिकं देतात. ओडिशातल्या सिमलीपालचं 'मोडल' एकच, 'सुकिंदा' तीन. पुढच्या पिकाचे बीजकोष माळा करून टांगून ठेवतात, आणि सगळे मृगापर्यंत दम धरतीलच असं नाही. मार्च-एप्रिलमध्येच एखाद्या कोषाचं टोक ओलं होतं, मऊ पडतं, आणि तळहाताहून मोठा पतंग बाहेर येऊन पंख सुकवत बसतो. जोडीदार नसतो, असला तरी बाहेर कडक ऊन. काही दिवसांत तो मरतो. माळेतला रिकामा कोष बाजूला टाकायचा आणि उरलेले पुन्हा मोजायचे.